पाटी पुसण्याचा अधिकार

२०२५ सालच्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेच्या संगणक-वर्गांतील यंत्रांवरून विंडोज काढून त्यांवर लिनक्स मिंट नांवाची दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम घालण्यांत आली, हें विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. आणि मुलांस ठाऊक झालेली गोष्ट घरीं कळावयास फार वेळ लागत नाहीं. त्यानंतर पालकांकडून जी विचारणा झाली तिचा सूर निरनिराळा होता. कोणी म्हणाले, चालत्या गाड्यास खीळ कशाला घालावी? कोणी म्हणाले, मुलांस पुढें नोकरीच्या जागीं जें वापरावें लागणार तेंच शाळेनें शिकवावें. आणि एका सुविद्य पालकांनीं असें विचारलें कीं, ज्याच्यापाशीं लपविण्यासारखें कांहीं नाहीं त्यानें खाजगीपणाची एवढी धास्ती कां बाळगावी? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें देणें अवघड नाहीं. तीं पुढें येतीलच. तिसरा प्रश्न मात्र खोल आहे. तो पुष्कळ सज्जन माणसांच्या मनांत असतो, आणि त्याचें उत्तर पालक-सभेंत दोन वाक्यांत देऊन मोकळें होणें आम्हांस योग्य वाटलें नाहीं, म्हणून वार्षिकाचीं हीं पानें अडवीत आहों.

लहान वर्गांतील मुलांकरितां प्रथम एवढें सांगितलें पाहिजे कीं, ऑपरेटिंग सिस्टीम ही संगणकांतील इतर साधनांसारखें एक साधन नव्हे. पत्रें लिहिण्याचें, हिशेब करण्याचें, चित्रें काढण्याचें अशीं जीं निरनिराळीं साधनें आपण वापरतों, तीं घरीं आलेल्या पाहुण्यांसारखीं होत. तीं दिवाणखान्यांत बसतात व काम झालें म्हणजे उठून जातात. ऑपरेटिंग सिस्टीम ही घरच्या कारभाऱ्याच्या जागीं आहे. सर्व खोल्यांच्या किल्ल्या त्याच्या कनवटीस असतात. कोण आलें, कोण गेलें, कोणत्या कपाटांत काय ठेविलें, हें सर्व त्याच्या डोळ्यांखालून जातें, आणि तें गेल्यावांचून घराचा कारभार चालणेंच शक्य नाहीं. कारभाऱ्यानें पाहावें याविषयीं कोणाची तक्रार नसते. त्यानें पाहिलेलें सर्व चोपडींत टिपून ठेवावें कीं काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न काल्पनिक नव्हे. २० मे २०२४ रोजीं मायक्रोसॉफ्ट कंपनीनें ‘कोपायलट प्लस’ या नांवाच्या नव्या जातीच्या संगणकांची घोषणा केली, व त्यांबरोबर ‘रिकॉल’ नांवाची एक सोयहि जाहीर केली. तिचें स्वरूप असें: पडद्यावर जें दिसत असेल त्याचें चित्र संगणकानें दर थोड्या सेकंदांनीं आपण होऊन टिपावयाचें, त्या चित्रांतील अक्षरें कृत्रिम बुद्धीच्या साहाय्यानें वाचून त्यांची सूचि करावयाची, आणि पुढें मालकानें ‘गेल्या महिन्यांत मीं निळ्या रंगाची एक पिशवी कोठें पाहिली होती?’ असें विचारलें असतां तें पान पुन्हां त्याच्यासमोर आणून ठेवावयाचें. विसराळू माणसास ही सोय वरदानासारखी वाटेल, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु संगणकाच्या सुरक्षिततेचा अभ्यास करणाऱ्या लोकांनीं त्या सोयीची पहिली आवृत्ति तपासली, तेव्हां त्यांस असें आढळून आलें कीं, चित्रांतून वाचलेला सर्व मजकूर एका साध्या कोष्टकांत उघड्या अक्षरांनीं पडून असतो, व संगणकांत शिरकाव करून घेतलेल्या एखाद्या लबाड प्रोग्रामास तो अल्पावकाशांत उचलून नेतां येईल. आणखी असें कीं, ही सोय प्रारंभीं आपोआप चालू असावयाची होती; ज्यास नको असेल त्यानें शोधून ती बंद करावयाची होती. यावरून मोठा गहजब झाला. तेव्हां ७ जून २०२४ रोजीं कंपनीनें जाहीर केलें कीं, मालकानें होकार दिल्यावांचून रिकॉल चालू होणार नाहीं व टिपलेलीं चित्रें कुलुपांत राहतील. त्यानंतर ती सोयच लांबणीवर पडली, आणि अखेर २०२५ च्या एप्रिल महिन्यांत ती सुधारलेल्या स्वरूपांत लोकांच्या हातीं आली.

येथें कंपनीवर अन्याय होऊं नये. चित्रें त्याच संगणकावर राहतात, तीं बाहेर पाठविलीं जात नाहींत, तीं पाहण्यापूर्वीं मालकास आपली ओळख पटवावी लागते, आणि नको असल्यास ती सोय काढूनहि टाकतां येते, असें ती कंपनी सांगते. व यांतील एकहि गोष्ट खोटी आहे असें म्हणण्यास आमच्यापाशीं आधार नाहीं. शिवाय या सोयीस विशेष प्रकारची चिप व निदान सोळा गिगाबाईट मेमरी लागते. आमच्या वर्गांतील जुन्या यंत्रांची तेवढी ऐपतच नाहीं. त्यांवर रिकॉल येण्याचें भय मुळींच नव्हतें.

मग तीं कां बदललीं? कारण असें कीं, १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या आवृत्तीची नेहमींची डागडुजी बंद झाली. पुढील विंडोज ११ ही आवृत्ति टीपीएम २.० नांवाची सुरक्षिततेची चिप व बऱ्याच नव्या पिढीचा प्रोसेसर मागते, आणि तीं दोन्ही आमच्या यंत्रांत नाहींत. तेव्हां धडधाकट यंत्रें भंगारांत घालून नवीं घ्यावयाचीं, कीं त्याच यंत्रांवर दुसरा कारभारी नेमावयाचा, असा पेंच पडला. पैशाच्याच दृष्टीनें पाहिलें तरी उत्तर उघड होतें. पण प्रश्न केवळ पैशाचा असता तर हा लेख लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. फीच्या पावतीमागें दोन ओळी छापून भागलें असतें. नवीं यंत्रें घेतलीं तर त्यांबरोबर कोणत्या संवयी मुलांच्या अंगवळणीं पडतील, हाहि विचार व्हावयास पाहिजे होता.

आजच्या पालकांपैकीं पुष्कळांनीं दगडी पाटीवर पहिलीं अक्षरें गिरविलीं असतील. पाटीवर लिहितां येतें हा कांहीं तिचा मोठा गुण नव्हे. तें कागदावरहि येतें. तिचा गुण असा कीं, ती पुसतां येते. मूल ‘ज्ञ’ उलटा काढतें, बेरजेंत हातचा विसरतें, शेजारच्या मुलाचें वेडेंवांकडें चित्र काढून हंसतें, आणि ओल्या फडक्याच्या एका फटकाऱ्यानें तें सर्व नाहींसें करून पुन्हां आरंभ करतें. गुरुजींच्या दृष्टीस पडतें तें शेवटचें उत्तर. मधल्या दहा चुका त्या मुलाच्या व पाटीच्या असतात, तिसऱ्या कोणाच्या नसतात. पुढें मोठ्या वर्गांत पाटीची जागा कच्ची वही घेते. तिचींहि पानें फाडून टाकण्यास मनाई नसते. विद्या म्हणून जी कांहीं वस्तु आहे, ती या पुसलेल्या व फाडलेल्या मजकुराच्या खतावर वाढते, हें अध्यापनाच्या धंद्यांत वीस वर्षें घालविलेल्या कोणासहि सांगावें लागणार नाहीं.

आतां ज्या पाटीवरील प्रत्येक खूण पुसण्यापूर्वींच कोणी तरी उतरवून घेत आहे, अशा पाटीवर मुलाचा हात कसा चालेल, याची कल्पना करावी. पहिली कविता लिहून लाजेनें पुसून टाकणारा मुलगा, आईस विचारण्याचा धीर होत नाहीं अशी आपल्या शरीराविषयींची शंका चाचपडत शोधणारी मुलगी, मित्रास रागाचें पत्र लिहून तें पाठविण्यापूर्वीं शहाणपणानें खोडून टाकणारा तरुण, यांपैकीं कोणीहि दुष्कृत्य करीत नाहीं. तरी यांपैकीं प्रत्येकास एकांत पाहिजे असतो. आणि येथेंच आमच्या त्या सुविद्य पालकांच्या प्रश्नाचें उत्तर आहे. परीक्षेच्या खोलींत पर्यवेक्षक एखाद्या हुशार मुलाच्या पाठीशीं येऊन उभा राहिला, कीं त्या मुलाची लेखणी थबकते, हें आम्हीं शेंकडों वेळां पाहिलें आहे. त्या मुलानें नक्कल केलेली नसते. त्याच्यापाशीं लपविण्यासारखें कांहींएक नसतें. तरीहि त्याची लेखणी थबकते, आणि पर्यवेक्षक चार पावलें पुढें गेला म्हणजे पुन्हां चालूं लागते. हा मनुष्यस्वभाव आहे, अपराध्याचें लक्षण नव्हे. लहान वयापासून ज्याच्या पाठीशीं कोणी तरी सदैव उभें आहे, तें मूल लबाड होईल असें आमचें म्हणणें नाहीं; तें भित्रें होईल, बेतानें लिहील, व बेतानेंच विचार करील, ही आमची भीति आहे.

‘पण चित्रें तर मालकाच्याच संगणकावर राहतात, दुसरा कोण पाहणार?’ असें यावर म्हणण्यांत येतें. ज्या देशांत घरांतील प्रत्येक माणसाचा संगणक निराळा असतो तेथें या म्हणण्यास कांहीं वजन असेल. आमच्याकडील घरांत काय स्थिति आहे? संगणक एक, तो आईवडील, मुलें, कधीं काका, कधीं शिकण्यासाठीं येऊन राहिलेला भाचा, अशा सर्वांच्या कामाचा, आणि त्यावर शिरण्याचा सांकेतिक शब्द सर्वांस ठाऊक, पुष्कळदां तर भिंतीवरील दिनदर्शिकेच्या कोपऱ्यांत लिहिलेला. अशा घरीं ‘मालक’ म्हणजे कोण? बहिणीनें मैत्रिणीस लिहिलेलें भावाच्या हातीं पडावें, सुनेनें माहेरीं काय कळविलें तें सासरच्या माणसांनीं वाचावें, वडिलांच्या आजाराचा जो अहवाल मुलांपासून राखून ठेवला होता तो दहा वर्षांच्या मुलासमोर उघडावा, यासाठीं कोणा परदेशस्थ कंपनीस कांहींहि चोरावें लागत नाहीं. ज्या घरांत माणसें एकमेकांशीं प्रेमानें वागतात तेथें यांतून अवघडलेपणा उत्पन्न होईल. जेथें एक माणूस दुसऱ्यास धाकांत ठेवतो तेथें याहून पुष्कळ वाईट होईल. धाकांत राहणाऱ्या स्त्रियांस ही सोय घातक ठरेल, अशी चिंता रिकॉल जाहीर होतांच कित्येक टीकाकारांनीं बोलून दाखविली होती.

आणखी एक गोष्ट. पडद्यावर जें दिसतें तें सर्व आपलें नसतें. दुसऱ्यानें विश्वासानें पाठविलेलें पत्रहि तेथेंच दिसतें, आणि आपल्या यंत्रानें त्याचें चित्र टिपावें कीं नाहीं हें त्या बिचाऱ्यास कोणीं विचारलेलें नसतें. सिग्नल नांवाची जी संदेश पाठविण्याची सोय आहे, तिच्या चालकांनीं मे २०२५ मध्यें याच कारणावरून विंडोज ११ वरील आपल्या खिडकीस असा पडदा लावून घेतला कीं रिकॉलला तेथें कांहीं दिसूं नये. शाळेच्या कचेरींतील यंत्रांपुढें तर हा विचार अधिकच जाणवतो. उत्पन्नाचे दाखले, जातीचे दाखले, एखाद्या मुलाच्या दुखण्याविषयीं डॉक्टरांनीं दिलेली चिठ्ठी, कोणाच्या घरीं काय विपत्ति ओढवली आहे त्याविषयींचा अर्ज, हीं सर्व आमच्या पडद्यावरून जातात. तीं आमचीं नव्हेत. तीं आमच्यापाशीं ठेव म्हणून आहेत.

कांहीं ख्रिस्ती बंधूंनीं आम्हांस असेंहि म्हटलें कीं, देव सर्व पाहतो असें तुम्हीच मुलांस शिकवितां, मग यंत्रानें पाहिलें तर काय बिघडलें? प्रश्न विनोदानें विचारलेला असला तरी उत्तरास पात्र आहे. जो सर्व पाहतो, तोच पश्चात्ताप करणाऱ्याचीं पातकें पुन्हां आठवणार नाहीं असें वचन देतो. पाहणें आणि क्षमा करणें हीं दोन्ही त्याच्या ठायीं एकत्र आहेत. यंत्रापाशीं पहिलेंच आहे, दुसरें नाहीं. किंबहुना ‘पुन्हां आठवणें’ हेंच त्या सोयीचें नांव आहे. आणि प्रार्थना करावयाची ती खोलींत जाऊन दार लावून करावी, असें आमच्या प्रभूनें शिष्यांस सांगितलें, तें कांहीं प्रार्थनेंत लज्जास्पद असें कांहीं असतें म्हणून नव्हे. आमच्या शाळेंत सर्व धर्मांचीं मुलें आहेत. त्यांच्याहि घरीं देवघर हें बहुधा चव्हाट्यावर नसतें.

आतां असें कोणी म्हणेल कीं, रिकॉल तर होकार दिल्यावांचून चालू होत नाहीं. मग एवढा कांगावा कशाला? त्यास आमचें उत्तर असें कीं, एका सोयीपुरता हा प्रश्न राहिलेला नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें याच कंपनीनें संगणकाच्या कळफलकावर कृत्रिम बुद्धीच्या मदतनिसासाठीं एक स्वतंत्र कळ बसविण्याचें जाहीर केलें. सुमारें तीस वर्षांत कळफलकांत झालेला तो पहिला मोठा बदल होय. त्यानंतर चार ओळी टिपून ठेवण्याची जी साधी नोटपॅड नांवाची वही होती, तिच्यांतहि ‘तुमचें वाक्य सुधारून देऊं काय?’ असें विचारणारा मदतनीस येऊन बसला. ॲपल व गूगल याहि कंपन्या आपापल्या परीनें त्याच वाटेनें चालल्या आहेत. अशा मदतीचा उपयोग नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. अंध विद्यार्थ्यास चित्राचें वर्णन करून सांगणारें यंत्र ही आमच्या दृष्टीनें मोठ्या उपकाराची वस्तु आहे. परंतु ज्यानें मदत मागितली त्यास ती देणें निराळें, आणि न मागतां घरांत येऊन बसणें निराळें. शेजाऱ्याकडे जाऊन आपण आपलें मन मोकळें करतों. म्हणून शेजाऱ्यानें आपल्या माजघरांत बिऱ्हाड थाटावें असें होत नाहीं. ‘नको’ हें उत्तर एकदां दिलें असतां तें कायमचें मानलें जावें, प्रत्येक सुधारणेनंतर पुन्हां पुन्हां विचारलें जाऊं नये, एवढी माफक अपेक्षा ज्या कारभाऱ्याकडून पुरी होत नाहीं, त्यास निरोप देण्याचा अधिकार घरधन्यास असलाच पाहिजे.

कायदा याबाबतींत कोठवर येतो? २४ ऑगस्ट २०१७ रोजीं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं पुट्टस्वामी खटल्यांत एकमतानें असा निर्णय दिला कीं, खाजगीपणा हा भारतीय नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली झालेला डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा अठरा वर्षांखालील सर्वांस मूल समजतो, त्यांची माहिती हाताळण्यापूर्वीं पालकांची खात्रीलायक संमति आवश्यक मानतो, व मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास सामान्यतः मनाई करतो. हें सर्व स्तुत्य आहे. तथापि दुसऱ्याची माहिती गोळा करणाऱ्यास कायदा जाब विचारूं शकतो. आपल्या घरांतील यंत्रानें आपलीच दिनचर्या आपल्याच कपाटांत लिहून ठेवली, तर त्याचा बंदोबस्त घरच्या माणसांनींच करावयाचा आहे.

नोकरीचा प्रश्न आम्ही हलका मानीत नाहीं. ज्या पालकांनीं पोटास चिमटा घेऊन मुलास एमएस-सीआयटीच्या वर्गास घातलें, त्यांनीं तो विचारणें रास्तच आहे. परंतु पत्र लिहिणें, तक्ता मांडणें, हिशेबाचें सूत्र घालणें, हीं कौशल्यें एका कंपनीच्या साधनांत शिकलीं तरी दुसऱ्यांत उपयोगी पडतात. लिब्रे ऑफिसमध्यें तक्ता करावयास शिकलेल्या मुलास मायक्रोसॉफ्टच्या एक्सेलवर बसविलें तर तो आठवडाभर चांचरेल, महिनाभरांत रुळेल. केरळांतील सरकारी व अनुदानित शाळांनीं मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग पुष्कळ वर्षांपूर्वींच धरला. तेथील काइट ही सरकारी संस्था शाळांकरितां लिनक्सची स्वतंत्र आवृत्ति तयार करते, व तेथील मुलें दहावीची संगणकाची परीक्षा तिच्यावरच देतात. त्यांचा मूळ हेतु खर्च वांचविणें व स्वातंत्र्य राखणें हा होता, कृत्रिम बुद्धीचा तेव्हां प्रश्नच नव्हता. पण लिनक्सवर शिकलेलीं केरळची मुलें नोकऱ्यांवांचून राहिलीं असें कोणी म्हटल्याचें ऐकिवांत नाहीं.

या मार्गानें जाऊन परत फिरलेलेहि आहेत, तेंहि सांगितलें पाहिजे. जर्मनींतील म्युनिक शहराच्या नगरपालिकेनें २००३ साली लिनक्स स्वीकारण्याचा ठराव केला, दहा वर्षें खपून सुमारें पंधरा हजार संगणक बदलले, आणि २०१७ साली पुन्हां विंडोजकडे वळण्याचें ठरविलें. उलट त्याच देशांतील श्लेस्विग-होल्स्टाइन या प्रांताच्या सरकारनें एप्रिल २०२४ मध्यें आपले सुमारें तीस हजार संगणक मुक्त साधनांवर नेण्याचें जाहीर केलें. ज्यास बदल करावयाचा आहे त्यानें दोन्ही उदाहरणें डोळ्यांपुढें ठेवावीं.

आमच्याहि वाटेंत अडचणी आल्या. एक जुना प्रिंटर लिनक्सशीं बोलण्यास अद्यापि तयार नाहीं. श्री-लिपीच्या जुन्या टंकांत बसविलेल्या कित्येक वर्षांच्या प्रश्नपत्रिका नव्या यंत्रावर उघडल्या तर नुसती अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोडमध्यें पुन्हां टंकलिहिल्यावांचून त्यांस गति नाहीं, आणि तें काम ज्या शिक्षकांच्या गळ्यांत पडलें आहे ते आम्हांस काय म्हणतात तें येथें छापण्याजोगें नाहीं. एवढ्यासाठीं कचेरींत विंडोजचें एक यंत्र राखून ठेविलें आहे. दुसऱ्या बाजूस, मराठी लिहिण्याचा इनस्क्रिप्ट कळफलक नव्या सिस्टीमींत घरचाच आहे, व मराठींतून दिसणाऱ्या तिच्या सूचना पगारी नोकरांनीं नव्हे तर बहुतांशीं स्वयंसेवकांनीं भाषांतर केलेल्या आहेत. लिनक्सचा मूळ गाभा १९९१ साली हेलसिंकी येथील लायनस टॉरवाल्ड्स नांवाच्या एका विद्यार्थ्यानें लिहिला, आणि त्याच्या मागें रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ साली आरंभिलेली मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ होती. तीस वर्षांहून अधिक काळ हजारों हातांनीं त्यांत भर घातली आहे, आणि प्रत्येक ओळ कोणासहि वाचतां येते.

वाचतां येते म्हणून तेथें सर्व साधुसंतच आहेत असें मात्र नव्हे. उबुंटु ही लिनक्सचीच एक प्रसिद्ध आवृत्ति. तिनें २०१२ साली, मालक आपल्याच संगणकांत जें शोधी तें अमेझॉनच्या दुकानापर्यंत जाईल अशी एक व्यवस्था बसविली होती. लोकांनीं ती उघडकीस आणली, ओरड केली, आणि पुढें २०१६ च्या आवृत्तींत ती आपोआप चालू होण्याचें थांबलें. पालकांच्या खिशांतील अँड्रॉइड फोनचा गाभाहि लिनक्सचाच आहे, आणि घरांतील सर्वांत अधिक पाहणारें व ऐकणारें यंत्र तरी तेंच असावें. तेव्हां ‘लिनक्स’ हा कांहीं ताईत नव्हे. ब्राउझर उघडून एखाद्या बोलक्या यंत्रापाशीं मुलानें आपल्या घरचें सर्व सांगितलें, तर कोणतीहि ऑपरेटिंग सिस्टीम त्याचें तोंड धरणार नाहीं. तें काम आईवडिलांचें व शिक्षकांचें आहे; आम्हीं कारभारी बदलला आहे, जबाबदारी बदललेली नाहीं.

संगणक-वर्गांत सध्यां जी व्यवस्था आहे ती अशी. मुलें पाहुण्याच्या खात्यानें यंत्रावर बसतात. तास संपून मूल बाहेर पडलें कीं त्या खात्यांतील सर्व मजकूर पुसला जातो. जें ठेवावयाचें असेल तें मुलानें स्वतः आपल्या पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यावयाचें. पहिल्या आठवड्यांत दोघांचौघांचे निबंध असे गेले व डोळ्यांतून पाणीहि आलें. आतां घंटा होण्यापूर्वीं पांच मिनिटें वर्गांत पेन ड्राइव्हची धांदल उडते. मुलांचे पडदे दुरून पाहण्याचा एखादा प्रोग्राम शिक्षकांसाठीं घ्यावा अशी सूचना आली होती. ती मान्य झाली नाहीं. शिक्षक बांकांमधून फिरतात, मुलांस ते दिसतात, आणि ते केव्हां पाहत आहेत हें मुलांस कळतें.

ज्या पालकांस घरचा जुना संगणक असा बदलून पाहावयाचा असेल त्यांनीं एकदम कांहीं पुसून टाकूं नये. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहतां येतें. संगणकांतील मूळच्या वस्तूंस धक्का लागत नाहीं, आणि प्रिंटर, आवाज, वाय-फाय चालतात कीं नाहीं हें अर्ध्या तासांत कळतें. ज्यांस विंडोजवरच राहावयाचें आहे त्यांनीं निदान सेटिंग्जमधील खाजगीपणाचें पान एकदां मुलांस जवळ घेऊन सावकाश वाचावें, नवीन यंत्र असल्यास रिकॉल बंद आहे याची खात्री करावी, आणि घरांतील प्रत्येकाचें खातें निराळें करावें. शनिवारीं शाळा सुटल्यावर दोन तास संगणक-वर्ग पालकांकरितां उघडा असतो. येतांना संगणकांतील छायाचित्रें व कागदपत्रें दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवलेलीं असावींत, व शक्य तर मुलांस बरोबर आणावें. बहुतेक कामें तींच करून दाखवितात.